सात कळ्यांचा तंबू

"सरका जरा, होते जागा," असं आमचे बाबा म्हणाले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि तळ्याकाठच्या आमच्या तंबूत एक अनोळखी, ओलाचिंब माणूस डोकं घालून उभा होता. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मला लिहावंसं वाटलं ते या वाक्यामुळे, म्हणून ते आधी.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, वाचनालयातली फाटकी पुस्तकं पुन्हा बांधून देणारी, घरात 'दोरी' या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आलंच तर उलट बाजूने आलं.

"या वयात लोक लग्नाच्या पत्रिका छापतात, आणि तू हे काय लिहीत बसलीस?" आई म्हणाली.

"आई, पत्रिकेचंही वय गेलं आता."

"मग चहा टाक. त्याचं वय आहे ना अजून?"

माझी तब्येत ठणठणीत आहे. घाई एवढ्याचसाठी, की बाबा मागच्या वर्षी काहीही न लिहिता गेले. सकाळी टेकडीवरून फिरून आले, बूट झटकून उन्हात ठेवले, खुर्चीत टेकले आणि तिथेच शांत झाले. त्यांच्यामागे घरावरून, पैशावरून आम्हा बहीणभावांत एक वाकडा शब्द झाला नाही. वाद झाला तो तंबूवरून, आणि तो अजून मिटलेला नाही.

१. घर. या घरातला माझा हिस्सा माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावा. आई हयात असेपर्यंत तिला इथून कोणी हलवू नये. तशी ती कोणाच्या हलवण्याने हलणारी नाही, पण कागदावर असलेलं बरं.

२. बँकेतली शिल्लकही भाचीलाच. शिकायला वापर, हिंडायला वापर. मात्र घरात बसून फोन बघायला नवा फोन घेतलास, तर आत्या स्वप्नात येऊन बोलेल.

३. बाबांची हत्यारं. रंधे, करवती, दाभणं, टोपल्या विणायचा वेत आणि त्यांचं कामाचं टेबल, सगळं भाचीला. पटाशी मात्र तिने वडिलांच्या हाती देऊ नये. दादाने त्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. बाबांनी संध्याकाळभर तिला धार लावली. ते विसरले, मी विसरलेले नाही.

४. माझा थर्मास वाचनालयातल्या वर्तमानपत्रं लावणाऱ्या बाईंकडे आहे. 'उद्या आणते' म्हणून नेला होता. तो मी त्यांना याद्वारे देत आहे, म्हणजे निदान त्यांना माझ्याकडे बघून हसता येईल.

५. तंबू. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावं.

हा तंबू बाबांनी स्वतः शिवला. दिवसभर ते वजनकाटे दुरुस्त करत. सुट्टी मिळाली की आम्हाला घेऊन रानात, तळ्यावर, जिथे म्हणून चूल मांडता येईल तिथे. मधे एक खांब आणि भोवती गोल कापड असा तो तंबू. आम्ही चौघं म्हणून चार कळ्या. परकराला घालतात तशा, वर निमुळत्या, खाली रुंद. त्या पावसात जो माणूस आत आला ते कुलपं दुरुस्त करणारे काका. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या डब्याचं अडकलेलं झाकण उघडून दिलं आणि ते कायमचे आमचे झाले. घरी आल्यावर बाबांनी शिवण उसवून पाचवी कळी घातली.

"अहो, एका पावसासाठी?" आई म्हणाली.

"पुढच्या पावसाला पुन्हा कुठे शिवत बसू?"

पुढे घरात दादाची बायको आली, तिची सहावी. मग भाची झाली, तिची सातवी, तिच्या आईच्या कळीला लागून. कळी वाढली की तंबू रुंद होई आणि तेवढाच ठेंगणा. म्हणून दर वेळी मधला खांब थोडा कापावा लागे. शेवटी सगळ्यांत उंच असलेल्या बाबांनाच पार वाकून आत शिरावं लागायचं आणि आत शिरल्यावर ते ऐटीत म्हणायचे, "बघा, केवढा मोठा झाला!" कापलेल्या तुकड्याचं ते काहीतरी करून त्या नव्या माणसाला देत. काकांना कानशीची मूठ, भाचीला भोवरा. वहिनीचा आवाज बारीक, ती रानात मागे राहिली की हाकही ऐकू येत नसे, तिला शिट्टी. आम्हा मूळच्या चौघांना मात्र काही नाही. ही माझी जुनी तक्रार इथे नोंदवत आहे.

दादा आणि वहिनी वेगळे झाले. का, ते त्यांचं त्यांना माहीत. मी दोघांचंही ऐकलं आणि दोघांचंही पटलं. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, पण स्वतः कधी रिव्हर्स घेत नाही. एकदा पुढे गेला की गेला. म्हणून तर बाबा त्याला 'खुंटी' म्हणायचे. तो एक दिवस येऊन बाबांना म्हणाला, "तिची कळी काढून टाका. मला आत झोपवत नाही."

बाबांनी चष्मा लावला, दाभण घेतलं, मेणाचा दोरा ओवला. दादाला वाटलं, कळी उसवून बाकीचं जोडणार. त्यांनी वहिनीच्या कळीच्या दोन्ही शिवणींवर टाक्यांची आणखी एकेक ओळ घातली.

"बाबा, मी काढा म्हणालो."

"ऐकलं मी. कळी काढली की तंबू उंच होतो. मग खांब कुठून पुरणार? तिच्या वेळी कापलेलं लाकूड आण परत, मग उसवतो."

ते लाकूड, म्हणजे ती शिट्टी, वहिनीच्या किल्ल्यांना लटकत होतं. दादा तोंड फिरवून गेला. त्याच आठवड्यात बाबांनी तंबू माझ्या हाती दिला. "दोरी, हा आता तुझा. भिजू देऊ नकोस." काका साक्षीला होते.

बाबा गेले त्या दिवशी वहिनी आली, पण फाटकापाशीच उभी राहिली. मी आत बोलावलं तर म्हणाली, "नको गं, उगाच कोणाला अवघडायला नको." बाबांची सुपारीएवढी टोपली असायची, त्यात रानातून आणलेल्या बिया असायच्या, ती टोपली तिने मागितली आणि गेली. बाबांनी दोनदा शिवलेलं माणूस फाटकाबाहेर उभं होतं, आणि आम्ही सगळे आत.

गेल्या महिन्यात दादाने नवा, उंच, लोखंडी खांब आणला. तो जिन्याखाली उभा आहे. आई त्यावर ओले टॉवेल टाकते, म्हणून अजून काही झालेलं नाही. पण मी काही न लिहिता गेले, तर तंबू आईकडे जाईल आणि आईकडून, डोळे पुसत का होईना, दादाकडे. मग ती कळी राहणार नाही. आणि भाचीची कळी एका बाजूने लोंबत राहील, ते दादाच्या लक्षात आलेलं नाही.

म्हणून: हा तंबू, खांब आणि खुंट्यांसकट, मी माझ्या वहिनीला देत आहे. ती कायद्याने वहिनी राहिलेली नाही; तंबूने आहे. एकच अट. तंबू उभारला की सातही जणांना, जे हयात असतील आणि येतील त्यांना, आपापल्या कळीखाली झोपण्याचा हक्क राहील. तो दादालाही आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कुलूपवाल्या काकांनी करावी. न उघडणाऱ्या गोष्टींची त्यांना सवय आहे.

ठिकाण: आमच्या घरी, बाबांच्या कामाच्या टेबलाशी.
दिनांक: एकवीस नोव्हेंबर, शनिवार.

सही: दोरी (कागदोपत्री नावानेही केली आहे)

साक्षीदार पहिले: कुलूपवाले काका. सही करताना म्हणाले, "मी आधी जाणार, मग अंमलबजावणी कोण करणार?" त्यांना सांगितलं, सबबी नकोत.

साक्षीदार दुसऱ्या: आमच्या डॉक्टरीणबाई. 'लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे' असं त्यांनी लिहिलं आणि तोंडी सांगितलं की मीठ कमी खा.

ता. क. दादा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं. हे मी तुला आजच देतेय, कारण डॉक्टरीणबाईंचं ऐकलं तर मी बरीच वर्षं जगणार आणि तेवढा वेळ वहिनीने वाट बघावी असं मला वाटत नाही. उद्या रविवार. तंबू मी गुंडाळून तुझ्या गाडीच्या डिकीत ठेवते. तू तो स्वतः तिच्या घरी नेऊन दे. माझ्याबरोबर नाही, पोरीबरोबर नाही, एकटा. आणि ती 'आत ये' म्हणाली तर दारातून परत फिरू नकोस. तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. तरी जा.