गुरुवार माझा

५ मार्च, गुरुवार

एका ओळीत माझी लाज काढली तिने. त्रेचाळीस जणांसमोर!

आजच्या शब्दकोड्यात आडवा नऊ: ‘नकार आणि अट मिळून बघणं (३)’. उत्तर नजर. उत्तर बरोबरच होतं माझं. पण ते कसं आलं हे सांगताना मी ‘रजनी’ची शेपटी छाटली, उरलेलं उलटं केलं, आणि वर ‘रात्री नजर उलटते’ असलं काहीबाही लिहून ठेवलं. चार ओळी! बारा वाजून दोन मिनिटांनी ‘टाचणी’ नाव घेतलेल्या त्या नव्या बाईची एक ओळ — ‘न + जर. उत्तर बरोबर, वाट चुकली.’

न म्हणजे नकार, जर म्हणजे अट. शेंबड्या पोरालाही सुटलं असतं. मला दिसलं नाही. त्यावर सव्वीस जणांनी टाळ्या ठोकल्या. माझ्या उकलीला अकरा.

येऊन तीन महिने झाले नाहीत हिला. नाकाने कांदे सोलते नुसती.

६ मार्च, शुक्रवार

न + जर. न + जर. दात घासतानाही तेच.

१० मार्च, मंगळवार

मुकादमाचा निरोप आला. मुकादम म्हणजे फोनवरचं आमचं शब्दकोडं मंडळ चालवणारा. खरं नाव कुणालाच माहीत नाही, त्याचं काय नि माझं काय. मी तिथे ‘काटकोन’.

निरोप असा की काही सभासदांना वाटतं, गुरुवारची उकल थोडे दिवस टाचणीताईंकडे द्यावी. ‘तुम्हालाही विश्रांती.’ विश्रांती! मी मागितली होती?

नऊ वर्षं. सकाळी सहाला वर्तमानपत्राच्या पानावर कोडं पडतं. बारापर्यंत उत्तर फोडायचं नाही हा मंडळाचा कायदा. अडलेल्याला फक्त एक ढकल द्यायची, म्हणजे इशारा. बाराला प्रत्येकाने आपल्या भरलेल्या चौकटीचा फोटो लावायचा, आणि ज्याचा वार असेल त्याने पूर्ण उकल लिहायची: कुठला शब्द कुठून आला, कुठे जोडला, कुठे फिरवला. सात वार, सात माणसं. गुरुवार माझा. नऊ वर्षांत एकदाही चुकवला नाही. वडील गेले त्या आठवड्यातही नाही.

दिवसभर मी काय करतो? कवळ्या. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात. तोंडं लोकांची, दात माझे. माणूस माझ्या दातांनी हसतो, जेवतो, बायकोवर ओरडतो, आणि त्याला माहीतही नसतं की असा एक इसम तळघरात बसतो. दातांवर कुणी नाव घालत नाही. माझं नाव पडतं ते फक्त गुरुवारी बाराला, आणि तेही खोटंच नाव. तेवढंही बघवलं नाही यांना.

मुकादमाला लिहिलं, ‘काही हरकत नाही.’ लाचारासारखं!

१२ मार्च, गुरुवार

तिची उकल वाचली. तीनदा.

चांगली आहे. सुटसुटीत आहे. जळला मेला तो सुटसुटीतपणा! शेवटी आणि लिहिते, ‘चूक दिसली तर जरूर बोला.’ हे वाक्य माझं आहे. नऊ वर्षं मी प्रत्येक उकलीखाली हेच लिहीत आलो. चोरते, तेही उघड उघड.

टाळ्या एकतीस. मालकीणबाईंनी, म्हणजे बायकोने, विचारलं, आज जेवला नाहीत का. म्हटलं, भूक नाही.

१३ मार्च, शुक्रवार

केलं.

नवीन नाव घेतलं, ‘पहाटवारा’. नाव घ्यायला मंडळात कसली चौकशी नसते. सव्वासहाला कोडं सुटलं होतं. सहा वीसला सगळी उत्तरं मंडळाच्या फलकावर टाकली, आडवी-उभी, एकूण एक. मुकादम सातला उठतो. चाळीस मिनिटं मोकळं रान.

माझं नाही तर कुणाचंच नाही.

१६ मार्च, सोमवार

चौथा दिवस. मुकादम एक नाव बंद करतो, मी दुसरं घेतो. पहाटवारा दोन, तीन, चार. फलकावर नुसता गोंधळ. नाव दिसलं की लोक घाबरून पान मिटतात, तरी एखादं उत्तर डोळ्यांत शिरतंच.

पोस्टमास्तरांनी लिहिलं. ते निवृत्त आहेत, बायको अंथरुणाला खिळलेली. दोघं मिळून एक कोडं दुपारपर्यंत पुरवतात. ‘आमची सकाळ गेली,’ एवढंच लिहिलं त्यांनी.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण गुरुवार काढून घेताना माझ्या बाजूने हे पोस्टमास्तर एक अक्षर बोलले का? नाही ना? मग भोगा.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, इतक्या सकाळी उठून कुणाचं वाटोळं करताय?” सहज म्हणाली. मी फोन उपडा ठेवला.

१८ मार्च, बुधवार

दिवस वाईट. पहाटे घाई झाली. सहा वीसला टाकायचं म्हणजे टाकायचं, म्हणून सतरा आडवा धड वाचलाच नाही. क-काहीतरी-र. मधल्या घराला उभा शब्द लागत नव्हता, तेव्हा तपासायला मार्ग नाही. ‘कदर’ ठोकून दिलं आणि उत्तरं टाकून मोकळा झालो. मग लॅबमध्ये मेण जास्त तापलं, खालच्या ओळीचे चार दात सरकले, सगळं पुन्हा बसवावं लागलं. बारा कधी वाजले कळलं नाही. तशीच चौकट फोटो काढून लावली.

उत्तर ‘कसर’ होतं. पुस्तक खाणारी ती कसर. बावीस फोटो, एकविसांत कसर, माझ्यात कदर. पोस्टमास्तरांनी लगेच, ‘काटकोनराव, सतरा आडवा बघा हं.’ हसण्याचं चित्र खाली. टाचणी मात्र एक शब्द बोलली नाही. माझी कीव करते की काय आता? तिची कीव तिच्यापाशीच राहू दे.

१९ मार्च, गुरुवार

मुकादमाला खासगीत लिहिलं. मी कुणाचं नाव घेत नाही, पण बघा: हे प्रकरण सुरू कधी झालं? तिला गुरुवार मिळाला त्याच आठवड्यात. सव्वासहाला पूर्ण चौकट कुणाची सुटलेली असते? एकटीची. तीन महिन्यांपूर्वी आली कुठून, कुणाला ठाऊक आहे का?

एकही शब्द न खोडता लिहिलं. मलाच नवल वाटलं.

दुपारी मुकादमाने तिला सगळ्यांसमोर सरळ विचारलं. तिचं उत्तर: ‘मी नाही.’ बस्स. ना कांगावा, ना रडारड. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो म्हणतात. मी काही बोललोच नाही.

२१ मार्च, शनिवार

मतदान. काढावं: एकोणतीस. ठेवावं: सहा. बाकीचे कुंपणावर बसले.

मी ‘काढावं’ म्हटलं. नाव उघड असतं, सगळ्यांना दिसतं. टाचणीलाही दिसलं असणार.

संध्याकाळी तिचं नाव यादीतून गेलं. सुंठीवाचून खोकला गेला! मला वाटलं होतं नाचेन. हिने चहा दिला, तो निवून गेला तसाच.

२३ मार्च, सोमवार

आज सहा वीसला काही टाकलं नाही. कालही नाही. फलक शांत. पोस्टमास्तर लिहितात, ‘आता खात्रीच पटली, तीच होती.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

बघा म्हणजे, मी थांबलो तोही तिच्याविरुद्ध पुरावा ठरला.

२४ मार्च, मंगळवार

गुरुवार परत मिळाला. मुकादमाचा लांबलचक निरोप. क्षमा वगैरे. ‘आमची माणूस ओळखण्यात चूक झाली.’ ते वाक्य दोनदा वाचलं.

मग मालकीणबाईंना सांगितलं, परवा बारा ते साडेबारा मला हाक मारू नका. त्या म्हणाल्या, कधी मारते?

२६ मार्च, गुरुवार

उकल टाकली. अठ्ठावीस शब्द, एकेकाची वाट दोनदा तपासली. शेपट्या छाटल्या नाहीत, उगाच काही उलटं केलं नाही. सुटसुटीत लिहिलं. कुणासारखं लिहिलं ते मला माहीत आहे, आणि त्याचा रागही आला.

टाळ्या एकोणचाळीस! इतक्या कधीच नव्हत्या. पोस्टमास्तर म्हणतात, ‘घरचा माणूस घरी आला.’ त्यांच्या सौंनीही नमस्कार सांगितलाय म्हणे. पहिल्यांदाच.

हिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, मग तोंड असं का? म्हटलं, दमलोय.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी सहा वीसला खासगी निरोप. टाचणी.

‘अठरा तारखेला पहाटवाऱ्याने सतरा आडव्यात कदर लिहिलं होतं. माझं कोडं सुटलेलं असल्याने मी त्याची उत्तरं रोज पूर्ण वाचायचे. बाराला तुमच्या चौकटीत कदर. बाकी कुणाच्याही नाही. त्याच दिवशी कळलं मला. मुकादमांना सांगणार होते. पण मी कोडं सोडवायला शिकले ती तुमच्या गुरुवारांवर. सहा वर्षं वहीत उतरवून घेतले, मग धीर करून मंडळात आले. म्हणून गप्प बसले. ते फिटलं आता.’

उत्तर लिहायला घेतलं. जाईना. तिने मला बंद केलंय.

मुकादमाला लिहायला हवं. पुढचा गुरुवार सहा दिवसांवर आहे.