येते हं

३ फेब्रुवारी, वेस्ट विंडसर
झोपेच्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस, फार छान गेला! माणूस जागा असताना त्याला एखादं चित्र दाखवून सोबत एक आवाज ऐकवायचा. दुपारी तो झोपला की तोच आवाज हळूच पुन्हा. झोपेतला मेंदू ऐकत असतो, आणि त्या आवाजाला चिकटलेली आठवण पक्की करतो. शंतनू, माझा वरिष्ठ, म्हणाला, लोकांना झोपव यार, स्वतः झोपू नकोस.

५ फेब्रुवारी
प्रयोगासाठी रत्नाकाकू आल्या. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवताना म्हणाल्या, यापेक्षा तेल चोपड गं. त्या झोपल्यावर खोलीतून निघताना मी सवयीनं म्हटलं, ‘येते हं.’ ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. माझी सातवीपर्यंतची शाळा म्हणजे आईच. त्यांना आवाज ऐकवायचा माइक चालू होता. पडद्यावरच्या त्यांच्या मेंदूच्या लाटा एकदम उसळल्या.
चूक त्याच दिवशी सांगायची, हेही आईनंच शिकवलं. मी नोंद केली नाही.

१२ फेब्रुवारी
काकू रडत उठल्या, पण आनंदानं. त्यांची मुलगी नेत्रा नऊ वर्षांपूर्वी अपघातात गेली. घरातून निघताना शेवटचं ‘येते हं’ म्हणाली होती. आज स्वप्नात ती ड्राइव्हवेच्या टोकाशी उभी होती म्हणे.
मी त्यांना पाणी दिलं. झोपेत ऐकलेलं ‘येते हं’ माझं होतं, हे सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
स्वप्नातली नेत्रा आता दारापर्यंत आलीय. चेहरा नीट दिसत नाही, म्हणाल्या. काकू घरीही झोपेच्या गोळ्या घेऊन दिवसभर झोपतात. तिला आत घ्यायचंय.
माझ्यामुळे.

२६ फेब्रुवारी
काकूंच्या आजच्या झोपेचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. मी खोलीत नव्हते. तरी ‘येते हं’ आहे. आवाज माझा नाही. काकूंचाही —

२ मार्च
काकू दोन दिवस उठलेल्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये आहेत. शंतनूनं विचारलं, आपल्याकडून काही चुकलं का? मी नाही म्हटलं. नाही म्हटलं मी.

३ मार्च
त्यांच्या पलंगाशी बसून लिहितेय. प्रल्हादकाका, त्यांचे यजमान, कॉफी आणायला गेलेत. वाटलं, जो शब्द नेत्राला बोलावतो त्याच्या उलट शब्द तिला परत पाठवेल. कानाशी वाकून म्हटलं, ‘जाते.’
काकूंचे ओठ हलले. थांब गं, मी पण येते — आणि मग श्वास थांबला —
काकांची पावलं. सांगते. आता सगळं सांगते. काका, मी त्या दिवशी —