गुरुवारच्या आत

आर. के. पुरम, नवी दिल्ली
शनिवार, १८ जानेवारी २०२५

सौ. सुमित्रा हिस, आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आपल्या कल्पनाच्या बाळाचं बारसं झालं तेव्हाच लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्या की मन उठायचं आणि कागद गादीखाली जायचा. फोनवर मी ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतो, कारण तुला ऐकू यावं म्हणून कल्पना फोन मोठ्या आवाजात लावते आणि तिच्या सासूबाईंसकट सगळं घर ऐकतं. हे घरभर ऐकवण्यासारखं नाही. माझी सातवीपर्यंतची शाळा, चुका असतील त्या सांभाळून घे.

तिळगूळ मिळाला. वड्या कडक झाल्यात, माझ्या दातांना झेपल्या नाहीत, अक्षयाने संपवल्या. नातीची परीक्षा जवळ आली आहे. इथे थंडी फार. चार दिवस ऊन नाही, समोरचा ब्लॉक दिसत नाही. खालच्या भानुमतीबाईंनी रेवतीला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, ती गेली नाही. मान आखडली आहे म्हणाली. मान आखडली आहे हे खरं, पण कशाने ते त्यांना कसं सांगायचं?

संग्रामला शिलाँगहून रजा मिळत नाही. ऑपरेशनच्या वेळी सगळी संपली. त्यामुळे सुनेबरोबर दवाखान्यात मीच जातो. सासऱ्याने जायची ही जागा नव्हे, पण दुसरं कोण आहे?

ऑपरेशनला तू होतीस, पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. गाठीमुळे छाती काढली त्या जागी कातडीखाली त्यांनी एक रबरासारखी पिशवी ठेवली आहे. काही दिवसांनी बोलावतात आणि सुईने तिच्यात मिठाचं पाणी भरतात. पिशवी फुगते तशी वरची कातडी ताणत जाते. पुरेशी ताणली की ती पिशवी काढून दुसरी कायमची बसवायची. रेवती मला समजेल असं सांगते, “बाबा, आज चार मोठे चमचे भरले.”

चार चमचे म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण पुढचे दोन-तीन दिवस तिचे हाल बघवत नाहीत. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, पाठीपर्यंत ओढ बसते. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. कुशीवर झोपता येत नाही, आडवंही होववत नाही, खुर्चीतच उशा लावून बसून झोपते. शिंक आली की आधीच दोन्ही हात छातीवर धरते. मी नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतो. काय करू, चहा देऊ का, एवढंच विचारतो. आता तीही चिडते. “बाबा, बसा हो जरा. तुमच्या चपलांचा आवाजसुद्धा दुखतो मला.”

मागच्या वेळी येताना रिक्षा मुनिरकाच्या खड्ड्यांतून चालली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, धीरे चलाओ.” तो म्हणाला, “अंकल, इससे धीरे तो उतरकर धक्का ही लगाना पड़ेगा.” रेवतीला हसू आलं आणि हसता हसता कळ आली. “हसवू नका ना कोणी,” म्हणाली, डोळ्यांत पाणी. मला राहवलं नाही. विचारलं, “एवढं सोसायचं कशाला, पोरी?” ती बाहेर बघत होती, मीही दुसऱ्या बाजूला. म्हणाली, “मला दिवसभर ऑफिसात ओढणी सारखी करत बसायचं नाहीये, बाबा. एवढंच. कुणाला दाखवायला नाही.”

हे शेवटचं वाक्य तिने का जोडलं ते मला समजलं. तुलाही समजलं असेल. त्यावर नंतर लिहितो.

आधी माझं. गेस्ट हाउसच्या भटारखान्यात मी जन्म काढला. तुला माहीत आहे, थंडीत भटुऱ्यांचं पीठ घट्ट व्हायचं, ताणायला जावं तर फाटायचं. मी परात भट्टीपाशी ठेवायचो. ऊब लागली की सैल पडायचं, मग हवं तेवढं ताणा. रेवती कण्हत होती आणि माझ्या डोक्यात ते पीठ आलं. गरम पाण्याची पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून तिला नेऊन दिली.

ती म्हणाली, “डॉक्टरांना विचारू का?”

मी म्हणालो, “शेकाला काय विचारायचं? बाळंतिणीला शेकतात ते कुणाला विचारून?”

तिने ठेवली. कितीतरी दिवसांनी तिला खुर्चीत गाढ झोप लागली. मी खूश. अक्षयाला टीव्ही लावू दिला नाही.

संध्याकाळी तिथे फोड आले होते. सुमित्रा, त्या जागेला स्पर्शच कळत नाही. आतून दुखतं, पण वरची कातडी बधिर आहे. चटका बसला तरी तिला कळलं नाही. हे तिलाही ठाऊक होतं, पण दुखण्यापुढे आणि माझ्या आग्रहापुढे विसरली.

दवाखान्यात मी पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. डॉक्टरबाई चांगल्याच तापल्या. मी बोलायला उठलो, तेवढ्यात पडद्यामागून रेवतीच म्हणाली, “मैंने ही रखा था, मैडम. गलती हो गई.” सगळी बोलणी तिने खाल्ली. मी उभा होतो तसाच खाली बसलो. संग्रामलाही तिने हेच सांगितलं आहे. आज त्याचा फोन येईल तेव्हा मी खरं सांगणार आहे.

आता पाणी भरणं थांबलं आहे. गुरुवारी तपासणार. कातडी सावरली तर पुढे चालू, नाही तर पिशवी काढावी लागेल. बाई म्हणाल्या, सावरली तरी तुमची इच्छा काय ते गुरुवारी सांगा. परत येताना रेवती म्हणाली, “काढूनच टाका म्हणते. आई बरोबरच म्हणाल्या होत्या.”

तिने ऐकलं होतं, सुमित्रा. तू जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणालीस, “चाळिशी उलटली, पोरगी कॉलेजात जाईल आता, आणि हिला नवी छाती हवी आहे. कुणाला दाखवायची आहे?” मी भेंडी चिरत राहिलो. या क्वार्टरच्या भिंती कशा आहेत ते आपल्याला माहीत नव्हतं का?

तू कल्पनाच्या बाळंतपणासाठी गेलीस असं मी सगळ्यांना सांगतो. कोणी विचारत नाही, पण बाळंतपणाला तेव्हा दोन महिने होते. ड्रेसिंग बदलताना तू ती जागा पाहिलीस आणि तुझ्या हातातली वाटी पडली. तू घाबरली होतीस, हे मी ओळखतो. रेवती ओळखत नाही. तिने फक्त शब्द ऐकले.

दुखतं म्हणून काढायची असेल तर काढू दे, मी स्वतः तिच्याबरोबर जाईन. नको झालं असेल तरी तिची मर्जी. पण ती तुझ्या त्या बोलण्यामुळे काढते आहे की दुखण्यामुळे, हे मला कळत नाही, आणि मी विचारू कसं? सासरा आहे मी. तिची आई असती तर तिला लिहिलं असतं.

तू तिला फोन कर, खोलीचं दार लावून. ठेव म्हणू नकोस, काढही म्हणू नकोस. रागाने नव्हे, भीतीने बोलले, एवढं तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. मग तिला जे ठरवायचं ते ती ठरवेल. मी मध्ये पडून सांगितलं तर म्हातारा सारवासारव करतोय असं होईल.

पाकीट स्पीड पोस्टने टाकतो आहे, मंगळवारी पोचावं. तुला जमणार नसेल, मनाची तयारी नसेल, तर तसं मला कळव. मी रागावणार नाही, पण मग बुधवारी मला तिच्यासमोर बसून काहीतरी बोलावं लागेल, आणि मला शब्द सुचत नाहीत. हो किंवा नाही, जे असेल ते कळव. पण गुरुवारच्या आत कळव, सुमित्रा.

तुझा
श्यामकांत