नदी पलीकडे लोटल्याची हकीकत

तीर्थरूप दादांस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त पाचच अंगांनी). वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो.

इकडचं लिहायला हात धजत नाही. गावाचा काठ खचत होता म्हणून मी पात्रात आडवा घुसणारा दगडी बांध घातला. आम्ही खात्यातले त्याला स्पर म्हणतो. अंगावर आलेल्या प्रवाहाला कोपरानं पलीकडे सारणं, एवढंच त्याचं काम. त्यानं ते चोख केलं. गाव वाचलं, भाषणांत मला भगीरथ म्हटलं गेलं, आणि पलीकडच्या काठावर आपल्या आत्याची पेरूची बाग होती. ('होती' हे विचारपूर्वक लिहिलं आहे.) नकाशाची घडी नेमकी त्या बागेवर पडत होती आणि ती उलगडण्याचे कष्ट भगीरथानं घेतले नाहीत.

बाग गेली, गोठा गेला, पाणी घराच्या जोत्याला लागलं, तेव्हा आत्या ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. येईल त्याला सांगते, "माझ्या भाच्यानं नदी हलवली. सोपं आहे का?" पोस्टमनलाही सांगितलं. तो पलीकडच्याच काठावर राहतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी पायांत असलेल्या चपला शोधू लागलो.

शेवटी जेवताना म्हटलं, "आत्या, बाग माझ्यामुळे गेली." ती म्हणाली, "गप रे. सगळं स्वतःवर ओढून घ्यायची तुला खोडच आहे," आणि पानात आणखी वाढलं. गुन्हा कबूल करूनही पदरात पडू नये, अशी शिक्षा धर्मशास्त्रातही वाचलेली नाही. सौभाग्यवती मात्र म्हणाली, "रडगाणं पुरे. आत्याबाईंचं घर तरी वाचवा." म्हणून आत्याच्या काठालाही स्पर घातला. परवाच्या पुरात घर टिकलं. आत्या उद्या परत जाते आहे.

तोंड लपवून राहिलेला,
धाकटा

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं ते राहिलंच. आत्याच्या काठावरून सारलेला प्रवाह थोडा खाली जाऊन पुन्हा अलीकडच्या काठावर आदळतो. तिथं आपलं, म्हणजे तुमचं, घर आहे. सामान माडीवर न्या आणि वहिनींना घेऊन इकडे या.

आणखी एक. तुमच्यासाठी तिसरा स्पर घालतोच आहे. निघण्यापूर्वी तेवढं पाहून कळवा, तुमच्या समोरच्या काठावर आपलं कोण राहतं?