तो माणूस बनवलाच नव्हता

बुवापाडा, अंबरनाथ
८ सप्टेंबर २०२५

किर्तीवन्सं,

नमस्कार. आईंचा खोकला कमी झाला का? आडुळशाचा काढा त्या पीत नसतील, मला माहितेय. गुळाचा खडा पुढे केला की पितात.

फोनवर दोन वाक्यांत आपलं जुंपतं, म्हणून हे लिहून रिद्धीच्या हाती कात्रपला पाठवतेय. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

इकडे ठीक. गणपतीआधी उल्हासनगरच्या शेठने जीन्सचा ढीग शिवायला टाकला होता, आता मशीन थंड आहे. रिद्धीचं दहावीचं वर्ष, पण बाईसाहेब बापाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे लागल्यात. कुठूनसा एक पार्ट आणून तिने तो चालू केला. आत संदीपचा तो गेम जसाच्या तसा. घोडा झालास तरी खेळतोस, म्हणून तुम्ही त्याला हिणवायचात, तोच.

त्यात नदीकाठी एक बाई उभी असते. 'माझा नवरा पलीकडच्या गावात गेलाय, भेटला तर ही अंगठी दे,' म्हणते. संदीप कामावरून आला की ते गाव पिंजून काढायचा. घराघरात शिरायचा, विहिरीत डोकवायचा. नवरा काही मिळायचा नाही. मी म्हणायचे, अरे, स्वतःची बायको इथे बसलीय, तिच्याकडे बघ जरा. तर म्हणायचा, 'अंगठी दिलीय म्हणजे माणूस असणारच. उगाच कोण देईल?'

आणि मग एका सकाळी डबा घेऊन तोच कामावर गेला, तो आजपर्यंत आला नाही. आपण काय काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, वांगणीचा देवऋषी झाला. मी तर प्रत्येक गोष्टीत खूण शोधायचे. निळाच शर्ट का घातला? जाताना रिद्धीला दोनदा का उचललं? कुठेतरी अर्थ असेलच, असं वाटायचं.

रिद्धीने परवा नेटवर शोधलं. गेम बनवणाऱ्यांपैकीच एकाने लिहून ठेवलंय. त्यांचा वेळ संपला, त्या बाईचा नवरा त्यांनी बनवलाच नाही. आणि बाईला काढून टाकायचं राहून गेलं. लोक अजून त्याला शोधतायत म्हणे.

माझं डोकंच फिरलं. राहून गेलं म्हणजे काय? शेवटची लढाई होते, राजा गादीवर बसतो, आणि ही तिथेच उभी, तोंडात तेच वाक्य. रिद्धीने तिला अंगठी परत देऊन पाहिली. घेत नाही. तशी सोयच केलेली नाही. गॅसवर दूध उतू गेलं तरी मी तिच्याकडे बघत बसले, आणि मग रडले. पोरीसमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता तुमच्या कामाचं. बारा वर्षं झाली, पितृपक्षात दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, आईंच्या डोळ्यांदेखत होऊ दे, असं तुम्ही म्हणता. मी नको म्हटलं, तर 'तुला कुंकवाची हौस सुटत नाही,' म्हणालात. फार लागलं ते, वन्सं. दर वटपौर्णिमेला बायका माझ्याकडे कशा बघतात, ते तुम्हाला दिसलेलं नाही.

तो गेला असं मी म्हणत नाही. आहे असंही म्हणवत नाही. मला माहीत नाही, तुम्हाला नाही, भटजींनाही नाही. पण आईंनी दाराकडे बघत बघत जीव सोडावा, हे मला नकोय. आणि मीही दमलेय. करा.

भटजींनी पुतळ्यासाठी उंची विचारलीय ना? दिवसभर आठवत होते. छाती, खांदा, बाही अजून माझ्या बोटांत आहे, त्याचे सगळे शर्ट मीच शिवलेत. पण शर्टाला डोक्यापासून पायापर्यंतची उंची लागत नाही, ती मी कधी घेतलीच नाही. तुम्ही बहीण आहात, तुम्हीच अंदाजाने सांगा. फार ठेंगणा करू नका.

दोन गोष्टी माझ्या ऐका. अग्नी चुलत्यांचा मुलगा नाही, रिद्धी देईल. भटजी कुरकुरले तर दुसरे बघा. आणि माझ्या बांगड्या फोडायला कुठल्या बाईला पुढे करू नका. मी घरूनच सगळं उतरवून येईन. आईंना त्या वेळी माझ्याकडे बघू देऊ नका.

दिवस ठरला की कळवा. तोवर मी जी आहे, तीच सही करते.

तुमची वहिनी,
सौ. हर्षदा संदीप भोपी