नाळमुक्तीचा रविवार

नागपूर,
१७ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,

धाकट्या भावनाचा नमस्कार. मारोतराव भाऊजींनाही सांग. पारशिवनीला थंडी इथल्यापेक्षा जास्त असणार, गुडघे जप. सोबत तिळगूळ पाठवते आहे. तो आधी तोंडात टाक आणि मगच पुढे वाच, म्हणजे निदान चार ओळी तरी तुला माझ्यावर ओरडता येणार नाही.

फोन का केला नाही, ते तुला माहीत आहे. मी 'सोनिका मॅडम' एवढं म्हटलं की तू फोन कापतेस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, कारण आत काय आहे हे कळल्याशिवाय तुला झोप लागायची नाही. तर ऐक. ताई, मी जिंकले! काय जिंकले ते सांगते, पण घाई करू नकोस.

तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलंय, तेही आमच्या रविंद्रांकडून, म्हणजे अर्धं थट्टेत. सोनिका मॅडमचं केंद्र घराजवळच आहे. त्या माणसाला संमोहनात नेतात आणि मागच्या जन्मात उतरवतात. आमच्या शाळेतल्या मेघा मॅडम दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा राणी निघाल्या. मला वाटलं, आपणही बघावं. राणी नाही तर निदान दासी तरी निघू. मी निघाले थेट आकाशातली.

हसू नकोस. मला जे दिसलं ते खरंच दिसलं. एक लांबच लांब दालन. दोन्ही बाजूंना उंच यंत्रांच्या रांगा, पांढरा उजेड, जमीन सतत थरथरणारी आणि कान फुटतील असा आवाज. मी जमिनीवर नव्हते, अधांतरी तरंगत होते. भोवती माणसांसारखे कुणीतरी फिरत होते. त्यांना नाक नाही, तोंड नाही, नुसते मोठे डोळे. केस आणि भुवया पांढऱ्याफटक. कुणीच बोलत नव्हतं. हात वर करायचे आणि एकमेकांना सगळं कळायचं. मॅडम म्हणाल्या, हे यान आहे, हे परग्रहावरचे लोक आहेत आणि तुम्ही त्यांच्यातल्या आहात. नाइलाजानं तुम्हाला इथं ठेवून ते गेले, पण न्यायला परत येतील.

ताई, ते ऐकून मी रडले. आनंदानं रडले. रविंद्र म्हणाले, "परग्रहावर जायचं तर जा, पण रविवारचं सावजी मटण करून जा." त्यांना काय कळणार? मला कुणीतरी ठेवून गेलं होतं, तेही नाइलाजानं, आणि ते परत न्यायला येणार होते. एवढंच मला ऐकायचं होतं.

आता तू विचारशील, घरदार, नवरा, पंचवीस वर्षांची नोकरी असलेल्या बाईला हे कशाला ऐकायचं होतं. सांगते. तू कामठीत राहिलीस आणि मला तिसऱ्या वर्षी मावशीकडे नागपूरला दिलं. मावशीनं काही कमी केलं नाही, देव तिचं भलं करो. पण अकरा वर्षांची असताना मी कामठीला आले होते, तेव्हा एकदा धीर करून कांताबाईंना विचारलं होतं, "मले काहून देऊन टाकलं?" त्या पाठमोऱ्या बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. चरखा चालूच राहिला. मला वाटलं, उत्तर द्यायची लाज वाटते. त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही, आणि आई म्हणणंही सोडलं. तुम्ही सगळे हसायचात, की ही पोट्टी स्वतःच्या आईला कांताबाई म्हणते! हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तर आता रविवारचं. केंद्राचं मोठं संमेलन सीताबर्डीच्या एका सभागृहात होतं. त्यात माझा नाळमुक्ती सोहळा ठेवला होता. म्हणजे काय, तर वरच्या लोकांनी मला परत स्वीकारावं म्हणून पृथ्वीवरची नाळ तोडायची. पृथ्वीवरच्या आईला समोर बसवायचं आणि माईकवरून तीनदा म्हणायचं, "ही माझी आई नाही." मग मला शाल पांघरून 'नक्षत्रकन्या' असं नाव द्यायचं.

हो, मी कांताबाईंना आणायला स्वतः गेले होते. मोठ्यानं ओरडून सांगितलं, "कार्यक्रम हाय, चाला!" त्यांना आता किती कमी ऐकू येतं, ते तुला माहीत आहे. त्यांना वाटलं, शाळेत माझा सत्कार आहे. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, तुझ्या लग्नातलं. ऑटोत बसल्यावर कामठीपासून बर्डीपर्यंत माझा हात धरून होत्या. मी सोडवून घेतला नाही, इतकंच.

सभागृह भरलेलं. कांताबाई पहिल्या रांगेत, पदर नीट करून, चेहऱ्यावर हे एवढं हसू. सोनिका मॅडम म्हणाल्या, "आधी भावनाजी आपल्याला वरच्यांची भाषा दाखवतील." दर सत्रात मला एक खूण पुन्हा पुन्हा दिसायची. ती मी करून दाखवली. डाव्या खांद्यावर दोनदा थाप, मग दोन्ही हात आडवे करून झुलवायचे, मग पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची. मॅडम अर्थ सांगत होत्या. दोन थापा म्हणजे जुळे तारे, झुलवणं म्हणजे आकाशगंगेच्या लाटा, आणि तोंडाशी नेलेली बोटं म्हणजे प्रकाशाचं बीज.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कांताबाई ताडकन उठल्या. दोन्ही हात वर केले, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवले, मग तळवा छातीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मागून कुणी हात जोडले. मॅडमचा आवाज कापायला लागला, "देखिए, देखिए, माताजी को भी सिग्नल मिला!"

आणि आई बोलली. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, माईकची गरजच नव्हती. "अवं भावने, हे त आमच्या मागावरची बोली हाय! तुले कोनं शिकवली वं?"

ताई, आई कापड विणायची त्या मागांच्या कारखान्यात तू तर डबा घेऊन जायचीस. मी कळत्या वयात तिथं कधी पाऊल टाकलं नाही, आणि नंतर तो बंदच झाला. आईनं भर सभेत, आपला सत्कार चाललाय अशाच थाटात, सगळं सांगितलं. शेकडो माग धडधडत असताना कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातानं बोलायचे. तंतू नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकी बांधायचे, डोक्यावर कापूस साचायचा. प्रत्येकाच्या नावाची खूण असायची. खांद्यावर दोन थापा म्हणजे कांता. झुलवणं म्हणजे झोळी. बोटं तोंडाशी नेली की भूक. "कांता, तुझी पोट्टी भुकेली झाली," असं मी अख्ख्या सभागृहाला सांगत होते! आणि आईनं त्या दिवसांतलंच उत्तर दिलं होतं, "तुटला धागा जोडून येतो."

मागांच्या मध्ये झोळी टांगून ती मला निजवायची. मी अधांतरी तरंगत होते ते असं. तीन वर्षांच्या मुलीला एवढं आठवतं का, की पुढे कुणाच्या तरी बोलण्यातून कानावर पडलेलं मनात साठलं होतं, मला माहीत नाही. शोधायचीही गरज वाटत नाही.

लोक हसत होते. मॅडमनी मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, "भावनाजी, संकल्प बोलिए." मी माईक घेतला. पंचवीस वर्षं नववीचे वर्ग शांत केलेत मी, सभागृह काय चीज आहे! तीनदा बोलायचं होतं ना, तीनदाच बोलले. "ही माझी आई आहे. ही माझी आई आहे. ही माझी आई आहे." शेवटच्या वेळी सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ताटातली नक्षत्रकन्येची शाल उचलली आणि आईच्या अंगावर घातली. आईनं ती हक्कानं घेतली आणि विचारलं, "नारळ नाई का?"

मॅडम आता सांगत फिरतात, की माग हे यंत्र मुळात वरच्या लोकांनीच दिलंय. असू दे बापडं. मेघा मॅडमनी मात्र राणीपद सोडलं.

कार्यक्रमानंतर व्हरायटी चौकात आम्ही तर्री पोहे खाल्ले. तिथं मी तिला पुन्हा तेच विचारलं. या वेळी समोर बसून, ओठ हलवून, हातवारे करून. तिला कळलं. पहिल्यांदाच कळलं, ताई! त्या वेळी तिनं ऐकलंच नव्हतं गं. कान तेव्हापासूनच जात होते आणि कुणाला पत्ता नव्हता, तिलासुद्धा.

म्हणाली, "तू रातदिस खोकले. रुई तुह्या छातीत बसून राहिली होती. डॉक्टर म्हने, हे पोट्टी इथं राहीन त जगनार नाई. मले माग सोडता येत नव्हता. तुले जगवाले देलं वं, टाकलं नाई. मले वाटे, तुले ठाऊक असन." तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं असं दोघींनीही भासवलं आणि आणखी एक प्लेट मागवली.

ती आता इथंच आहे. रविंद्रांना तिनं 'चहा' आणि 'पुरे' या दोन खुणा शिकवल्या आहेत. दुसरी ते मुद्दाम विसरतात. काल मी गच्चीवर वाळवण घालत होते, तेव्हा तिनं खालून हात हलवून मला हाक मारली. एक अनोळखी खूण होती, म्हणून जिना उतरून विचारायला गेले. तर म्हणाली, ते तुझं नाव. मागावरच्या सगळ्या माणसांना ते ठाऊक होतं. माझी झोळी झुलवून जाता जाता जो तो ते घ्यायचा.

ते कागदावर उतरवता येत नाही, ताई. तू ये, आई करून दाखवील. तोवर इथं नेहमीचंच नाव लिहिते.

आपल्या आईची धाकटी,
भावना