पाचवा नारळ

८ जानेवारी १९६८, सोमवार. धुळे

शिवरामचा दाखला आज पुन्हा परत आला. ब्रह्मदेशी अक्षरं, ताटात ओळीनं मांडलेल्या जिलब्यांसारखी गोल. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधल्या कारकुनानं कागद उलटा धरला, सुलटा धरला. मला विचारतो, "समितीवाले, हे वरून वाचायचं का खालून?"

रंगूनच्या बोट कंपनीचा दाखला आहे. इंजिन फिटर, अकरा वर्षं. शि.नं तोंडी सांगितला, मी मराठीत उतरवला, दोनदा तपासला. पण मूळ कुणाला वाचता येत नाही, म्हणून माझ्या मराठीखाली कुणी सही करत नाही. हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणाले, "मी कशावर सही करतोय तेच मला कळत नाही." त्यांचंही बरोबर.

निदान नाव नोंदवून घेतलं. कार्ड मिळालं.

ब्रह्मदेशातून आलेल्यांपैकी चौघांना आमच्या निर्वासित समितीनं कामाला लावलं. एक छापखान्यात, एक सायकलच्या दुकानात, दोघे शिंपी. रजिस्टरात शि.च्या नावापुढचा रकाना तेवढा कोरा. तो पान उलटताना मला दिसतोच.

११ जाने., गुरु.

शि.ला घेऊन जळगावला. पहिली एस.टी. पारोळ्यापर्यंत उभे. जळगावच्या कापसाच्या प्रेसमध्ये इंजिनवर माणूस हवा असं कळलं होतं. फोरमनला सगळे नाना म्हणतात. मी फाईल पुढे केली, सगळे कागद तारीखवार लावलेले. नाना म्हणाले, "कागद राहू दे. कान आण इकडे."

शि.नं पिशवीतून लांब पेचकस काढला. रंगूनच्या बंदरावर झडतीत सगळं काढून घेतलं, हा एवढा राहिला. त्याचं टोक चालत्या इंजिनला टेकवलं, लाकडी मूठ कानाला. डोळे मिटून दोन ठिकाणी ऐकलं. मग म्हणाला, "मांगलं बेअरिंग जाई ऱ्हायनं. महिना काढी, जास्ती नही."

नानांनी इंजिनकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी दिवाळीपासून मालकाला हेच सांगतोय."

माणूस पसंत. पण कायम जागा एक्स्चेंजकडून आलेल्या नावांतूनच भरायची, असा मालकाचा नियम. नाना जागा कळवणार, एक्स्चेंज नावं पाठवणार, त्यात शि.चं असलं की झालं. प्रेसच्या आवारात, पिंप्राळ्याच्या अंगाला, राहायला खोलीही आहे.

परतीच्या वाटेवर शि. म्हणाला, "भाऊ, इंजिन काई कागद वाचत नही." मीही हसलो. कितीतरी दिवसांनी.

१८ जाने., गुरु.

समितीच्या अध्यक्षांनी, शेठजींनी, पेढीवर बोलावलं. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर समितीतर्फे सत्कार ठेवलाय. ज्यांना ज्यांना काम लागलं त्यांना शाल, हार, नारळ. कलेक्टरसाहेब येणार. यादी मी करायची.

चार नावं वाचून दाखवली.

"चार?" शेठजी म्हणाले. "चार बरे दिसत नाहीत. पाच पाहिजेत. पाचवा कोण?"

मी म्हटलं, शिवरामचं जवळजवळ ठरलंय, फक्त एक्स्चेंजकडून नाव जायचंय.

"आठवड्यात जाईल ना? मग लिही. सत्कार झालेल्या माणसाला कोण नाही म्हणतं?"

शेठजी वाईट नाहीत. या लोकांची मुंबईपासूनची तिकिटं त्यांनी स्वतः काढली, कुणाला सांगितलंही नाही. फक्त समारंभ म्हटला की त्यांचं भान जातं. मी लिहायला थोडा थांबलो. तेवढ्यात म्हणाले, "आणि हो, म्युनिसिपालटीत तुझं बोललोय. जकात नाक्यावर कारकून. नववीच शिकलाय, पण अक्षर पाहा म्हटलं."

लिहिलं. पाचवं नाव. "जळगाव येथे इंजिन फिटर." अक्षर चांगलं आलं.

घरी अक्काला नाक्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आधी दळण आण."

२३ जाने., मंगळ.

एक्स्चेंजमध्ये जाऊन आलो. जळगावची जागा अजून आली नाही. पोस्टात असेल. तीन दिवस आहेत.

२५ जाने., गुरु.

आली नाही. आता नाव काढावं का? पत्रिका छापून झाल्या. पाचही नावं.

२६ जाने., शुक्र.

नीट लिहून ठेवतो.

शि.ची बायको खिन पुढे बसली होती. गालांना त्यांच्याकडचा तो पिवळसर लेप, चंदनासारखा. बायका कुजबुजल्या, हळद का लावून आली. मुलगी मांडीवर.

पाचव्याला शि. उठला. हार कलेक्टरसाहेबांच्या हातून. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. त्याची अहिराणी म्हणजे त्याच्या आईची. तिनं ती तिच्या सासूकडून उचललेली. इथे आता म्हाताऱ्याच तसं बोलतात. बोलायला लागला तशी पोरं हसली.

"मन्हा आजा सोनगीरना. पलटणसंगे भांडा घडाले गया, तो तठेच ऱ्हायना. मन्ही माय म्हने, सडकवर सोनगीरना किल्ला दिसना का समज घर उनं. तिनी कधी देखा नही. माले दिसना. आते काम भी भेटनं. बठ्ठास्ना उपकार शेतस."

त्यानं सगळ्यांचे उपकार मानले तोवर हसणं थांबलं होतं. मागच्या रांगेतली एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली. शेठजींनी चष्मा पुसला. टाळ्या.

खाली उतरल्यावर माझ्याजवळ आला, हार गळ्यात तसाच. हळूच विचारलं, "चिठ्ठी उनी ना, भाऊ?"

त्याला वाटलं, एक्स्चेंजची चिठ्ठी आली म्हणूनच सत्कार. कुणालाही तसंच वाटेल. मी म्हणालो, "येतेय."

२९ जाने., सोम.

पेपरात बातमी. पाचही नावं, माझ्या यादीतली शब्दन् शब्द. शुद्धलेखन बरोबर.

या लोकांना ठेवलंय त्या धर्मशाळेचे व्यवस्थापक सकाळीच शि.कडे जाऊन आले. काम लागलेल्यानं पंधरा दिवसांत खोली सोडायची, तारीख सव्वीसपासून. नियम समितीचाच आहे. पाटी मीच रंगवली आहे, लाल अक्षरांत.

मी गेलो तेव्हा खिननं सत्काराचा नारळ लाल फडक्यात गुंडाळून कोपऱ्यातल्या खांबाला टांगला होता. शि. म्हणाला, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. घर राखणाऱ्या देवाचा नारळ. तो फोडत नाहीत, खाली ठेवत नाहीत. घर हललं तर तो बरोबर न्यायचा.

मी व्यवस्थापकांचं काही बोललो नाही. मुलगी नारळाला झोका देत होती, खिननं तिच्या हातावर चापट मारली.

३० जाने., मंगळ.

एक्स्चेंज. कारकुनानं पेपरचं कात्रण काढून दाखवलं. शि.च्या कार्डाला टाचलेलं. वर शिक्का, "नोकरी लागली, नाव कमी केले."

जळगावची जागा काल दुपारी आली. नावं त्याच दिवशी गेली. तीन. शि.चं नाही.

मी म्हटलं, त्याला नोकरी लागलेली नाही.

"मग हार कशाचा घातला?"

तो माणूस खवट नाही. पुढे म्हणाला, "अध्यक्षांच्या सहीनं पत्र आणा, सत्कार चुकून झाला म्हणून. साहेब कार्ड उघडतील, जादा नाव पाठवतील. मी काय उपटू?"

दुपारी जेवलो नाही.

३१ जाने., बुध.

शेठजी. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकून? कलेक्टरांच्या हातचा हार चुकून? असं पत्र मी दिलं तर पुढच्या निर्वासिताला कोण दारात उभं करील? म्हणतील, यांचं सगळं खोटंच. छापखान्यातल्या पोराकडेसुद्धा संशयानं बघतील."

यातही तथ्य आहे. तेच वाईट.

"त्याला माझ्या गोदामात पाठव. पोती उचलायला माणूस लागतोच. काम लागलं म्हणजे लागलं. बातमी खरी होईल."

निघताना म्हणाले, "तुझं पंधरवड्यात होतंय हां."

मला नाही वाटत ते धमकी देत होते. पण मी ती ऐकली.

२ फेब्रु., शुक्र.

शि. गोदामात जातो. मी "तात्पुरतं" म्हणालो, त्यानं मान हलवली. आज बाहेरून पाहिलं. कपाशीच्या बारदानाखाली माणूस दिसतच नाही, नुसते पाय चालतात. हमालांनी त्याचं नाव ‘सत्कार’ ठेवलंय. "ए सत्कार, इकडे लाव." तोही ओ देतो.

नानांचं कार्ड आलं. "तुमचा माणूस का नाही पाठवला? आलेल्या तिघांपैकी एकाला इंजिन कुठून सुरू होतं तेही माहीत नाही. बेअरिंग बोलू लागले आहे. सोमवार ता. १२ पर्यंत थांबतो. नंतर मालक ऐकणार नाही."

कार्ड चार वेळा वाचलं. सगळं माझ्यापाशी येऊन थांबतं. कुणाला दाखवू?

४ फेब्रु., रवि.

आज शि.ला सगळं सांगितलं. नदीकाठी, पांझरेच्या वाळूत. घरी खिनसमोर जमलं नसतं.

यादीत नाव मी घातलं. तेव्हा चिठ्ठी नव्हती. तुझं कार्ड त्यामुळेच रद्द झालं. मी थांबवू शकलो असतो, थांबवलं नाही. माझीही नोकरी आहे यात. एवढं सगळं, याच क्रमानं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "तुमनं लिखेल माले वाचता येस नही, भाऊ. तुमना तोंडवर इस्वास व्हता."

उठला, धोतर झटकलं, गेला. खांद्याला वळ आहेत, दोरीचे.

६ फेब्रु., मंगळ.

खिन आली. एकटी, पहिल्यांदाच. अक्कानं आत घेतलं. मराठी चार शब्द. शाल घडी करून आणली होती, माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "हे नाही. काम."

मला वाटलं नारळही देईल. तो तिनं आणला नव्हता.

ती गेल्यावर अक्कानं विचारलं, काय प्रकार आहे. सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "नाक्यावरची नोकरी लागली म्हणजे तुझापण सत्कार करतील का रे?"

८ फेब्रु., गुरु.

पत्राचे पाच मसुदे. फाडले.

"समितीच्या अनवधानाने." खोटं.

"काही गैरसमजामुळे." खोटं.

"अध्यक्षांच्या सूचनेवरून." खरं आहे. पण लिहिणारा हात माझा.

शेवटी एवढंच राहिलं: "शिवराम यांस नोकरी लागलेली नसताना त्यांचे नाव सत्काराच्या यादीत मी घातले. बातमी त्या यादीवरून छापली गेली. चूक माझी. तरी त्यांचे कार्ड पूर्ववत करावे." खाली माझं पूर्ण नाव, लेखनिक, समिती.

अध्यक्षांची सही नाही. चालेल का, माहीत नाही. नक्कल शेठजींच्या पेढीवर द्यायची. त्यांच्यापासून लपवून करायचं नाही.

९ फेब्रु., शुक्र.

दिलं. आधी शेठजींना. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. चिडले नाहीत. त्यापेक्षा चिडले असते तर बरं होतं. म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे तुझं." कागद गादीखाली सरकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. नाक्याचं ते काही बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

मग एक्स्चेंज. कारकुनानं पत्र वाचून माझ्याकडे पाहिलं. "हे तुमच्या स्वतःच्या सहीनं?"

"हो."

"उद्या तुमचाच अर्ज घेऊन याल इथे, तेव्हा हे पत्र फाईलीत असेल."

"असू द्या."

त्यानं पत्र काचेच्या वजनाखाली ठेवलं. "साहेब नाशिकला गेलेत. सोमवारी येतील, अकराच्या पुढे. अध्यक्षांच्या सहीशिवाय घेतील का, सांगता येत नाही."

सोमवार म्हणजे बारा. नानांचा शेवटचा दिवस. जळगावला एस.टी. तीन तास.

१० फेब्रु., शनि.

पंधरा दिवस भरले. व्यवस्थापकांनी कुलूप आणून ठेवलं होतं. खोलीतलं सामान एका चादरीत मावलं. शि. सकाळी गोदामात गेला नाही. चादर डोक्यावर घेऊन उभा. कुठे जाणार होता कोण जाणे.

मी म्हणालो, आमच्या ओसरीवर चला. त्यानं खिनकडे पाहिलं. ती खांबाकडे गेली, नारळ सोडला, लाल फडक्यासकट कडेवर घेतला, मुलगी घ्यावी तसा. मुलगी माझ्या बोटाला.

ओसरीवर आल्यावर तिनं वर पाहिलं, आढं शोधत होती. तिथे अक्काची कपड्यांची दोरी असते. कुणाच्या घरात कुणाचा देव.

अक्का बाहेर आली. नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोरी सोडली, ओले कपडे खांद्यावर टाकले, अंगणात दुसरीकडे बांधायला गेली.

११ फेब्रु., रवि.

नानांना तार करावी असं वाटलं. काय लिहू? "थांबा"? किती थांबा?

दुपारी शि. पहिल्यांदा बोलला. नारळाखाली बसून पेचकस चिंधीनं पुसत होता. "उद्या साहेब नही म्हनतीन तर?"

म्हटलं, तरी जाऊ. चिठ्ठी असली तरी, नसली तरी. अकराला एक्स्चेंज, साडेअकराची एस.टी. अडीचला जळगाव. प्रेस सहाला बंद होतो.

तो हसला नाही. पण पेचकस पिशवीत ठेवला, मूठ वर येईल असा, आणि पिशवी दाराजवळ माझ्या चपलांशेजारी ठेवली.